इटलीचें यंत्र आणि आपला मिस्त्री

एखादी वस्तु आपली केव्हां होते, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. पैसे मोजून पावती हातीं पडली म्हणजे वस्तु आपली झाली, असें कायदा सांगतो. आणि ती आपल्या देशांत तयार होऊं लागली म्हणजे देशाची झाली, असें उद्योगधंद्यांचे इतिहासकार सांगतात. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. जें यंत्र बिघडलें असतां आपणांस उघडतां येतें, दुरुस्त करितां येतें आणि पुन्हां चालूं करितां येतें, तेंच खऱ्या अर्थानें आपलें होय. या विधानाचा पडताळा पाहण्यास महाराष्ट्रांतील इटालियन दुचाक्यांच्या इतिहासासारखें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल. मात्र त्या इतिहासाचा आरंभ इटलीपासून न करितां भिवंडीपासून करणें अधिक सोईचें आहे.

ठाणें जिल्ह्यांत कामवारी नदीच्या कांठीं, मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेल्या या गांवाचा लौकिक झाला तो यंत्रमागांमुळें. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून परागंदा झालेलीं विणकर कुटुंबें येथें स्थिरावलीं. आरंभीं हातमाग आणि विसाव्या शतकांत यंत्रमाग, असा त्यांच्या धंद्याचा क्रम झाला. यांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, येथील पुष्कळसे माग नवे कोरे असे कधीं नव्हतेच. मोठ्या गिरण्यांनीं जुनाट म्हणून काढून टाकलेले माग येथें आले, उकलले गेले, झिजलेले भाग बदलून पुन्हां जोडले गेले आणि पुढें कित्येक वर्षें कापड विणीत राहिले. गिरणीच्या हिशेबांत ज्यांना भंगाराचीच काय ती किंमत उरली होती, त्या मागांच्या जोरावर एक सबंध शहर पोट भरूं लागलें. हें कोणत्या विद्येनें घडलें? पाहून, ऐकून आणि हात काळे करून मिळविलेल्या मिस्त्रीच्या विद्येनें. हीच विद्या दुचाकीच्या इतिहासांत आपणांस पुन्हां भेटते. भिवंडीहून ठाण्यामार्गें मुंबईस जातांना मुलुंड ओलांडलें कीं भांडुप लागतें. इटलींत जन्मलेली लॅम्ब्रेटा आपल्याकडे तयार होऊं लागली ती तेथेंच.

इटालियन मोटारसायकल म्हटली कीं आजच्या तरुणाच्या डोळ्यांपुढें तांबडी दुकाती उभी राहते. परंतु महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनीं जी इटालियन दुचाकी प्रत्यक्ष वापरली, ती स्कूटर होती. आणि तिचा जन्म सुखाच्या दिवसांत झालेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पोंतेदेरा येथील पिआज्जिओ यांचा विमानांचा कारखाना बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झाला आणि युद्ध संपतांच विमानांचें कामही संपलें. हजारों कामगारांच्या हातांना काम कोठून द्यावें, या विवंचनेंत एन्रिको पिआज्जिओ यांनीं कोर्रादीनो द’आस्कानिओ या विमानविद्येंतील इंजिनिअराकडे एक स्वस्त वाहन मागितलें. या गृहस्थास मोटारसायकल मुळींच आवडत नसे. तिची तेलकट सांखळी कपडे मळविते, तिच्यावर टांग टाकून बसावें लागतें आणि चाक पंक्चर झालें कीं तें काढतांना जीव मेटाकुटीस येतो, असे त्याचे आक्षेप होते. म्हणून त्यानें निराळा सांगाडा ठेवलाच नाहीं. पोलादी पत्र्याचें कवच हाच सांगाडा केला, इंजिन मागील चाकाशेजारीं बसविलें आणि पुढील चाक विमानाच्या चाकाप्रमाणें एकाच बाजूनें धरलें. २३ एप्रिल १९४६ रोजीं या रचनेच्या पेटंटाचा अर्ज फ्लॉरेन्स येथें दाखल झाला. वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी, ती हीच.

तिकडे मिलान शहरांतील लाम्ब्राते भागांत पोलादी नळ्यांचे कारखानदार फेर्दिनांदो इन्नोचेंती यांनीं १९४७ सालीं लॅम्ब्रेटा बाजारांत आणली. नळ्यांच्या कारखानदाराला शोभेल अशीच तिची घडण होती: नळीचा सांगाडा आणि मध्यरेषेवर बसविलेलें इंजिन. वेस्पेचें इंजिन एका अंगास असल्यामुळें तिचा तोल उजवीकडे झुके; लॅम्ब्रेटेचा तोल सम राही. या दोहोंपैकीं उजवी कोणती, हा वाद त्यांच्या भक्तांत अद्यापि मिटलेला नाहीं व तो मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाहीं.

आपल्या देशांत या वाहनांचा प्रवेश स्वातंत्र्याच्या आगेमागें झाला. २९ नोव्हेंबर १९४५ रोजीं स्थापन झालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही बजाज यांची पेढी १९४८ पासून परदेशी दुचाकी-तिचाकी आणून विकूं लागली. १९४९ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीनें लॅम्ब्रेटेचे सुटे भाग आणून जोडण्यास आरंभ केला. १९५९ सालीं बजाज यांस उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला, १९६० च्या सुमारास पिआज्जिओशीं करार झाला आणि पुण्याजवळ आकुर्डी येथें वेस्पा तयार होऊं लागली. हा करार १९७१ सालीं संपला. सरकारनें तो वाढवूं दिला नाहीं. तेव्हां वेस्पेच्या स्प्रिंट या प्रकारावर आधारलेली स्कूटर १९७२ सालीं राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करून बाहेर पडली, ती चेतक. त्याच वर्षीं फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीनें पिआज्जिओच्या ‘चाओ’ या मोपेडच्या धर्तीवर लूना काढली. इकडे इन्नोचेंती यांनीं १९७१ सालीं लॅम्ब्रेटेचें उत्पादन बंद केलें आणि त्यांची यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीनें विकत घेतली. भांडुपची लॅम्ब्रेटाही पुढें लॅम्बी या नांवानें धांवत राहिली. मातृभूमींत जिचा वंश खुंटला, ती गाडी परमुलखांत नांदत राहिली, असा हा योग आहे.

येथपर्यंतचा इतिहास कंपन्यांच्या कागदपत्रांतून कोणासही लिहितां येईल. पण त्यांत एक गोष्ट सुटते. मागणी अफाट आणि पुरवठा तुटपुंजा, अशा त्या काळांत स्कूटरचें वांटपही सरकारी नियंत्रणाखालीं होतें. नांव नोंदवून अनामत भरावी आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी. ती कित्येकांस दहा वर्षेंही पाहावी लागे. मुलाचें लग्न ठरतें आणि बापानें नोंदविलेली स्कूटर अजून यावयाचीच असते, अशी त्या काळची तऱ्हा होती. परिणामीं वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरीहून महाग विकली जाई. अशा स्थितींत हातीं आलेली गाडी टाकून देण्याची कल्पनाही कोणास सुचणें शक्य नव्हतें. ती टिकविली पाहिजे, म्हणून दुरुस्त केली पाहिजे; आणि दुरुस्त करणारा हवा, म्हणून नाक्यानाक्यावर मिस्त्री उभा राहिला. परवाना कंपनीला मिळाला होता. यंत्राची विद्या मात्र या मिस्त्रीनें आपली आपण मिळविली.

तिचें स्वरूप पाहण्याजोगें आहे. टू-स्ट्रोक इंजिनास पेट्रोलांतच ऑइल मिसळून द्यावें लागतें. तें कमी पडलें तर पिस्टन जाम होतो, अधिक झालें तर प्लग काळा पडतो. काढलेल्या प्लगाचा रंग पाहून इंजिनाची प्रकृति सांगणें हें मिस्त्रीचें नाडीपरीक्षण होय. सकाळीं चालूं न होणारी स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारावयाची, ही क्रिया तर घरोघरच्या पुरुषांस अवगत होती. सिलिंडरांतील काजळी खरवडणें, रिंगा बदलणें, सिलिंडर झिजला तर लेथवर बोअर करून मोठा पिस्टन घालणें, हीं कामें मात्र मिस्त्रीचीं. मूळ सुटा भाग न मिळाला तर कुर्ल्याच्या भंगारबाजारांत किंवा पुण्याच्या नाना पेठेंत शोधावा. तेथेंही न मिळाला तर कांतून घ्यावा. ज्या लेथवर मागाचा बुश कांतला जातो, त्यावर स्कूटरचाही कांततां येतो. द’आस्कानिओची कल्पना आणि भिवंडीसारख्या गांवांतील लेथ यांची गांठ पडते ती येथें.

आतां या गाड्या हौशी लोकांच्या हातीं गेल्या आहेत. जुनी वेस्पा वा लॅम्ब्रेटा घेणाऱ्या जाणत्या मनुष्याची परीक्षाही मिस्त्रीकडूनच शिकलेली असते. तो रंगाच्या झळाळीस भुलत नाहीं. आरसी बुकांतील चासी व इंजिन यांचे नंबर गाडीवरील नंबरांशीं ताडून पाहतो. पायाखालील रबर उचलून पत्रा गंजला आहे कीं काय तें पाहतो. आणि खिशांतून लोहचुंबक काढून अंगावरून फिरवितो. जेथें चुंबक चिकटत नाहीं, तेथें पत्र्याऐवजीं पुट्टी भरलेली आहे असें समजावें. सरकारनेंही २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांसाठीं निराळी नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये भरल्यास दहा वर्षांची मुदत व ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. प्रदर्शनासाठीं वा मेळाव्यासाठीं गाडी काढतां येते, परंतु नित्याच्या कामास वापरतां येत नाहीं. ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. तथापि तिनें गाडीला संग्रहांतील वस्तूचा मान दिला; जिच्यामुळें गाडी जगली त्या विद्येची नोंद कोठेंच झाली नाहीं.

नव्या इटालियन दुचाक्या आपल्याकडे नाहींत असें नव्हे. २०१२ पासून बारामतीस पुन्हां वेस्पा तयार होते. एम. व्ही. आगुस्ता कायनेटिकच्या द्वारें २०१६ सालीं विक्रीस आली, पण तो संबंध फार काळ टिकला नाहीं. दुकातीचा मान तर हौशी मंडळींत सर्वांत मोठा. १९२६ सालीं बोलोन्या येथें रेडिओचे भाग करण्यासाठीं निघालेली ही कंपनी युद्धानंतर सायकलीस जोडावयाचें इटुकलें इंजिन करूं लागली आणि तेथून मोटारसायकलीकडे वळली. फाबिओ तालिओनी यांनीं १९५६ सालीं तिच्या शर्यतीच्या गाडीस दिलेल्या इंजिनांत व्हॉल्व्ह मिटण्याचें काम स्प्रिंगवर न सोंपवितां निराळ्या दांडीकडे दिलें. पुढें हीच दुकातीची ओळख ठरली. ही रचना अतिशय सुंदर. पण तिच्यांतील बारीक अंतर ठराविक मुदतीनें जुळवावें लागतें व तें काम शिकलेल्या हातांचें आणि खास हत्यारांचें आहे. आतां तर इंजिनाचा बिघाड ओळखण्यास संगणक जोडावा लागतो, आणि त्याची किल्ली कंपनीच्या वर्कशॉपांतच असते. लक्षावधि रुपये मोजणारा मालक कागदोपत्रीं मालक आहे खरा. परंतु गाडी अडली कीं तो परस्वाधीन होतो. आयात करणारा बदलला कीं सुट्या भागासाठीं महिनेच्या महिने वाट पाहावी लागते. चेतकची वाट गाडी येण्यापूर्वीं पाहावी लागे, हिची आल्यानंतर; एवढाच काय तो फरक.

याचा अर्थ जुनें तें सोनें असा कोणी करूं नये. टू-स्ट्रोक गाड्यांचा निळा धूर शहरांच्या छातींत भरत होता, हें खरें आहे, आणि नवीं इंजिनें त्या मानानें फारच स्वच्छ आहेत. चेतकचें नांव आतां विजेवर चालणाऱ्या स्कूटरीस मिळालें आहे. तेंही काळास धरूनच झालें. धूर जावा याविषयीं वाद नाहीं. धुराबरोबर हात जाऊं नयेत, इतकेंच आमचें म्हणणें आहे. जो समाज यंत्रें विकत घेतो पण उघडूं शकत नाहीं, तो कितीही श्रीमंत झाला तरी यंत्रांच्या राज्यांत भाडेकरूच राहतो.

आपल्या उद्योगांचा इतिहास लिहितांना संस्थापकांचीं नांवें, करारांच्या तारखा आणि कारखान्यांचे पत्ते आपण नोंदवितों; तें योग्यच आहे. पण भांडुपच्या आणि आकुर्डीच्या गाड्या पन्नास-पन्नास वर्षें ज्यांनीं चालत्या ठेविल्या, त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकांत नाहीं. ती त्यांच्या बोटांत आहे, आणि त्यांतील पुष्कळजण आतां वृद्ध झाले आहेत. हौशी मालकांनीं गाडीच्या मूळ रंगाचा शोध जितक्या आस्थेनें चालविला आहे, तितक्याच आस्थेनें या म्हाताऱ्या मिस्त्र्यांजवळ बसून त्यांच्या तोंडचें ज्ञान मराठींत उतरवून घेतलें, तर आपल्या औद्योगिक इतिहासाचें एक हरवत चाललेलें प्रकरण हातीं लागेल. गाडीचे भाग अजून कांततां येतील. कांतणारा गेला म्हणजे मात्र तो कोठल्याही बाजारांत मिळणार नाहीं.