थांबलेल्या हृदयानंतरचे दान
रक्ताभिसरण थांबून आलेल्या मृत्यूनंतर अवयव घेण्याची पद्धत आज नवी समजली जात असली, तरी कुळाने ती मेंदूमृत्यूनंतरच्या दानाहून वडील आहे. कारण हार्वर्डच्या समितीने ऑगस्ट 1968 मध्ये मेंदूच्या मृत्यूची लक्षणे निश्चित करीपर्यंत, मृत दात्याचे मूत्रपिंड हवे असल्यास हृदय थांबेपर्यंत तिष्ठणे हाच शल्यविशारदांचा रिवाज होता. पुढे चालत्या हृदयाच्या दात्यांकडून अखेरपर्यंत रक्त खेळते असलेले अवयव मिळू लागले आणि ही जुनी वाट जवळजवळ मोडली.

ती पुन्हा वहिवाटीत आली ती अवयवांच्या टंचाईमुळे. 1992 साली पिट्सबर्गच्या विद्यापीठ-रुग्णालयाने तिची लेखी नियमावली केली, आणि 1995 मध्ये मास्ट्रिख्टच्या परिषदेत कोत्स्ट्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दात्यांचे चार वर्ग पाडले. त्यांतील तिसरा वर्ग, म्हणजे उपचार थांबविल्यावर ज्याचे हृदय थांबणे अपेक्षित आहे असा रुग्ण, हाच आज अनेक देशांत या दानाचा मुख्य आधार आहे.

अशा रुग्णाच्या खोलीत घडते ते असे: उपचार थांबविण्याचा निर्णय दानाचा विषय निघण्यापूर्वीच, स्वतंत्रपणे झालेला असतो, श्वासनलिकेत घातलेली नळी काढली जाते, रक्तदाब उतरू लागतो, आणि मृत्यू ठरविणाऱ्या वैद्याचा प्रत्यारोपणाशी काडीचाही संबंध नसतो. नाडी थांबल्यावरही कोणी हात लावावयाचा नाही, अशी एक मुदत पाळावी लागते. पिट्सबर्गने ती दोन मिनिटांची ठरविली, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1997 मध्ये पाच मिनिटांची शिफारस केली, तर इटलीचा कायदा वीस मिनिटे मागतो. इकडे प्रत्येक मिनिटागणिक ऊबदार देहातील रक्तहीन अवयव, विशेषतः यकृताच्या पित्तनलिका, खराब होत असतात. तरीही या मुदतीत काटछाट करू नये असे मला मनापासून वाटते, कारण दात्याच्या आप्तांचा सारा विश्वास तिच्यावरच उभा आहे. ठरलेल्या अवधीत हृदय थांबलेच नाही, तर दान रद्द होते आणि रुग्णाची शुश्रूषा अखेरपर्यंत चालू राहते.

थांबलेले हृदयही या दानातून वगळलेले नाही: 2014 मध्ये सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात, असे थांबलेले हृदयच यंत्रात उष्ण रक्तावर पुन्हा चालते करून रोपण्यात आले.

आपल्या भारतातील 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातील मृत व्यक्तीच्या व्याख्येत मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूबरोबर हृदय-श्वसन थांबून आलेला मृत्यूही समाविष्ट आहे, आणि चंडीगढच्या पी.जी.आय. या वैद्यकीय संस्थेत 2011 पासून असे दान स्वीकारले गेले आहे. तिसऱ्या वर्गाची अडचण मात्र उपचार थांबविण्याच्या परवानगीशीच निगडित होती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात ही परवानगी मान्य केली, आणि 2023 मध्ये तिची कार्यपद्धती सुलभ करून दोन वैद्यकीय मंडळांच्या हाती सोपविली.