सुट्टीतील रेडिओ आणि अंदमानची ती सकाळ

२६ डिसेंबर २००४. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या किनाऱ्याजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याने अंदमान-निकोबार बेटे हादरली. त्या वेळी पोर्ट ब्लेअर (आजचे श्रीविजयपुरम) येथील एका हॉटेलात हौशी रेडिओचे एक केंद्र चालू होते. ते आपत्तीसाठी उभारलेले नव्हते. दूरदेशीच्या छंदिष्टांशी संपर्क साधणे, एवढाच त्याचा उद्देश होता. असे केंद्र नेमके तेथे आणि नेमके त्याच महिन्यात का होते, हे समजून घेण्यासाठी सुमारे सत्तर वर्षे मागे जावे लागते.

१९३५ साली अमेरिकेतील ‘क्यूएसटी’ या मासिकात क्लिंटन डिसोटो यांनी एक साधा प्रश्न हाताळला: रेडिओवरून किती देशांशी संपर्क झाला, हे मोजायचे कसे? त्यातून पुढे ‘डीएक्ससीसी’ हा मानाचा पुरस्कार आकारास आला. किमान १०० प्रदेशांशी संपर्क सिद्ध करणाऱ्यास तो मिळतो. या गणनेत प्रदेश म्हणजे केवळ राजकीय देश नव्हे. मुख्य भूमीपासून पुरेशी दूर असलेली बेटेही स्वतंत्र धरली जातात. म्हणूनच भारताची मुख्य भूमी एक प्रदेश, तर चेन्नईपासून सुमारे १,२०० किलोमीटरवरील अंदमान-निकोबार दुसरा.

या नियमाचा एक परिणाम झाला. ज्या बेटावर परवानाधारक कोणीच नाही, ते बेट जगाच्या यादीत रिकामे राहू लागले आणि ती जागा भरण्यासाठी कोणीतरी रेडिओ घेऊन तेथे जाणे भाग पडले. १९४७ मध्ये ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून प्रशांत महासागर ओलांडणाऱ्यांजवळही हौशी रेडिओ होता. त्या नावाची गंमत करीत बॉब डेनिस्टन यांनी १९४८ मध्ये ‘गॉन-वाकी’ या नावाने बहामा बेटांवर स्वारी केली. सुट्टी आणि छंद यांची सांगड घालणाऱ्या अशा प्रवासांना पुढे ‘डीएक्सपेडिशन’ हे नाव रूढ झाले. ‘डीएक्स’ म्हणजे तारायंत्राच्या संक्षिप्त भाषेत दूर अंतर.

अशा सुट्टीचे नियोजन पर्यटकाच्या नियोजनाहून वेगळे असते. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरातून परावर्तित होऊन समुद्रापलीकडे जातात, आणि आयनांबराची स्थिती सूर्यावर अवलंबून असते. २००४ मध्ये तेविसावे सौरचक्र उताराला लागले होते. अशा काळात वरच्या वारंवारतांवर विसंबणे धोक्याचे असते, म्हणून खालच्या पट्ट्यांसाठीही अँटेना न्याव्या लागतात. जागा शक्यतो समुद्रालगतची शोधतात, कारण खारे पाणी लहरींचे उत्तम परावर्तन करते आणि क्षितिजालगत निघालेला संकेत दूरवर पोहोचतो. वीज जाईल हे गृहीत धरूनच जनरेटर व बॅटऱ्यांची सोय केली जाते. सुटे भाग, तारा, हत्यारे सारे सोबत घ्यावे लागते, कारण बेटावर दुकान सापडेलच असे नाही.

अंदमानच्या बाबतीत सर्वांत अवघड गोष्ट सामान नव्हती, परवानगी होती. सामरिकदृष्ट्या संवेदनशील असलेल्या या बेटांवरून १९८७ नंतर हौशी रेडिओचा आवाज थांबला होता. हैदराबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ’च्या भारती प्रसाद यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर मंजुरी मिळाली आणि डिसेंबर २००४ मध्ये त्यांचे छोटे पथक पोर्ट ब्लेअरला पोहोचले. ‘व्हीयू४आरबीआय’ ही त्यांची संकेतखूण ऐकू येताच जगभरातून झुंबड उडाली. अशा वेळी केंद्रचालक एका वारंवारतेवर बोलतो व उत्तरे थोड्या वरच्या पट्ट्यात ऐकतो, अन्यथा हाकांच्या गर्दीत त्याचाच आवाज बुडून जातो. तीन आठवड्यांत तीस हजारांहून अधिक संपर्क नोंदले गेले.

मग ती सकाळ उजाडली. त्सुनामीने निकोबार बेटांवर हाहाकार माजवला. दूरध्वनी व वीज कोलमडली. प्रसाद यांनी पुरस्कारासाठीचे संपर्क थांबवले आणि केंद्र मदतकार्याला जोडले. पुढे पथकातील काही सदस्य कार निकोबारला गेले व तेथून पोर्ट ब्लेअरशी संपर्क सुरू झाला. मुख्य भूमीवरील हौशी केंद्रांनी निरोप पुढे पोहोचवले. कोण सुखरूप आहे, कोठे काय हवे आहे, हे अनेक कुटुंबांना व अधिकाऱ्यांना या मार्गाने कळले.

यामागचे विज्ञान लक्षात घेण्याजोगे आहे. कार निकोबार पोर्ट ब्लेअरपासून सुमारे २७० किलोमीटर दूर आहे. हातातील व्हीएचएफ संचाच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या एवढ्या अंतरावर पोहोचत नाहीत. मात्र ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी कमी उंचीवरील तारेतून जवळजवळ उभ्या वर सोडल्या, तर त्या आयनांबरावरून काहीशे किलोमीटरच्या परिसरात परततात. मध्ये मनोरा लागत नाही की केबल. तारेचा तुकडा, संच, बॅटरी आणि वापरणारा कुशल माणूस एवढे पुरते. सुट्टीच्या नियोजनात हे सारे आधीच आलेले होते.

तथापि, या घटनेकडे केवळ कौतुकाने पाहणे अपुरे ठरेल. परवानगी एक महिना उशिरा मिळाली असती, तर ते केंद्र तेथे नसते. सतरा वर्षे ज्या बेटांवर या छंदाला वाव नव्हता, तेथे ऐन संकटात तो उपयोगी पडला, हा योगायोग होता. आणि आपत्ती-व्यवस्थापन योगायोगावर उभे राहू शकत नाही. पुढील काळात दारे काहीशी उघडली. एप्रिल २००६ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे हॅम मेळावा भरला आणि परदेशी छंदिष्टही आले. जानेवारी २००७ मध्ये लक्षद्वीपवरूनही अशीच मोहीम झाली.

भारतात बारा वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. दूरच्या बेटावर रेडिओ नेण्याची हौस वरवर निरुपयोगी वाटते. परंतु स्वतःची वीज, स्वतःची अँटेना आणि स्वतःचे कौशल्य यांवर विसंबून संपर्क साधण्याची तालीम तीच देते. २००४ च्या डिसेंबरात अंदमानात ही तालीम झालेली माणसे होती. पुढील संकटात ती कोठे असतील, हे आज किती जण परवाना घेतात यावर ठरेल.