कॅम सेन्सर : इंजिनातल्या एका साक्षीदाराचा इतिहास

गाडी सुरळीत चाललेली असते आणि एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये एक छोटं यंत्र गाडीला जोडतात, पडद्यावर 'पी ०३४०' असं काहीतरी उमटतं आणि निकाल लागतो : "कॅम सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावला, हे वाक्य सगळीकडे सारखंच ऐकू येतं.

गंमत अशी, की त्या आकड्याचा अर्थ 'सेन्सर गेला' असा होतच नाही. मग तो काय सांगतो? हे समजायला थोडं मागे जाऊ या.

दोन फेऱ्यांचं कोडं

१८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं. हवा-इंधन आत घ्यायचं, दाबायचं, पेटवायचं आणि धूर बाहेर टाकायचा. आजचं पेट्रोल इंजिन याच क्रमाने चालतं. हे चार टप्पे पूर्ण होईपर्यंत खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदाच.

सगळी गोम इथेच आहे. पिस्टन वरच्या टोकाला दोन वेळा येतो : एकदा मिश्रण दाबून, एकदा धूर ढकलून. क्रँकशाफ्टकडे बघून एवढंच कळतं, की पिस्टन वर आलाय. आता ठिणगी टाकायची की धूर जाऊ द्यायचा, हे सांगू शकतो तो फक्त कॅमशाफ्ट.

बरीच वर्षं हा निरोप लोखंडातूनच पोचत होता. १९१०च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक गाड्यांसाठी बॅटरीवरची इग्निशन यंत्रणा तयार केली आणि पुढे पॉइंट, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर ही मांडणी जगभर रूढ झाली. डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टच्याच गतीने फिरायचा आणि योग्य सिलिंडरला करंट द्यायचा. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पेट्रोलच्या प्रीमियर पद्मिनीतही तेच होतं. मेकॅनिक पॉइंटमधली फट पत्तीने मोजायचा, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवायचा आणि इंजिनाच्या आवाजावरून टायमिंग ओळखायचा. ज्ञान हातात होतं, कानात होतं.

धुराने आणलेला संगणक

हे बदललं ते धुरामुळे. १९७०मध्ये अमेरिकेत हवा शुद्ध ठेवण्याचा कडक कायदा झाला. झिजणारे पॉइंट आणि अंदाजाचं टायमिंग त्या मर्यादांत बसेना. १९७९ साली बॉश कंपनीची मोट्रॉनिक यंत्रणा बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आली. इंधन किती द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची, ही दोन्ही कामं आता एकाच संगणकाकडे गेली. पण संगणकाला डोळे नसतात. इंजिन कुठल्या क्षणी कुठे आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

ते सांगणारं तंत्र एका शतकापूर्वीच सापडलेलं होतं. १८७९ साली बाल्टिमोरमध्ये एडविन हॉल या विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ पत्र्यातून वीज सोडली आणि पत्रा चुंबकाजवळ धरला. विजेच्या वाटेला आडवा, एक अगदी सूक्ष्म दाब त्याला मोजता आला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून १८ वर्षं होती! आजचे बरेचसे तीन तारांचे कॅम सेन्सर याच हॉल परिणामावर चालतात. कॅमशाफ्टवरचा दात समोरून गेला, की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि संगणकाला खूण मिळते.

मियाटाची एक बोल्टाची खूण

जुनं आणि नवं जिथे एकमेकांना भेटतं, अशी एक स्पोर्ट्स कार आहे : माझदा एमएक्स-५, अमेरिकेतलं नाव मियाटा. फेब्रुवारी १९८९मध्ये ती शिकागोच्या प्रदर्शनात आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, १.६ लिटर इंजिनाची. तिच्यात डिस्ट्रिब्यूटर नव्हता. सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूला, कॅमशाफ्टच्या टोकावर एक सेन्सर बसवलेला होता आणि तोच संगणकाला सगळा हिशेब सांगायचा.

हा सेन्सर बदलायचा म्हणजे बघा : आधी बॅटरीची तार सोडायची. सेन्सर आणि हेड दोन्हींवर मिळून एक रेघ ओढायची. मग एकच बोल्ट काढून सेन्सर ओढून घ्यायचा. त्याची रबरी रिंग कडक होऊन तेल गळत असेल, तर नवी टाकायची. टोकावरची खाच मध्यभागापासून जराशी सरकवलेली आहे, त्यामुळे तो उलटा बसूच शकत नाही. शेवटी टायमिंग लाइट लावून सेन्सर हलकेच फिरवायचा आणि टॉप डेड सेंटरच्या १० अंश आधी ठिणगी आणायची. ओळखीचं वाटतं ना? पद्मिनीचा डिस्ट्रिब्यूटर फिरवणारा हात इथेही लगेच रुळला असता.

पुढच्या पिढीच्या एमएक्स-५मध्ये क्रँक आणि कॅम यांना वेगवेगळे सेन्सर आले आणि हे फिरवणं संपलं. काम सोपं झालं : बोल्ट काढा, नवा बसवा. पण हाताचं काम जितकं सोपं झालं, तितकं निदान अवघड झालं.

कोड कोणाचा, गाडी कोणाची?

अमेरिकेत १९९६पासून सगळ्या नव्या मोटारींना दोष नोंदवणारी एकसारखी यंत्रणा सक्तीची झाली. पी ०३४० हा तिथलाच आकडा. त्याचा अर्थ इतकाच : कॅमशाफ्टची खूण ज्या मार्गाने यायची, त्यात गडबड आहे. सेन्सर मेला असेल. पण कनेक्टरमध्ये तेल शिरलं असेल, तार तुटली असेल किंवा सेन्सरला वीजच पोचत नसेल, तरीही हाच आकडा येतो. टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला, तर खूण येते पण चुकीच्या वेळी. तेव्हा साक्षीदार खरं बोलत असतो आणि आपण त्यालाच हाकलून देतो. नवा सेन्सर बसतो, पैसे जातात, दिवा परत लागतो.

म्हणून आधी तारा तपासायच्या, व्होल्टेज मोजायचं, सेन्सर त्यानंतर. पण त्यासाठी मेकॅनिककडे वायरिंगचा नकाशा आणि तपासणीचं यंत्र हवं. ते कोणाच्या हातात असावं, हा प्रश्न आपल्याकडेही आला. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, हा आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा कायम आहे.

पत्ती आणि कान कोणालाही कमावता येत होते. संगणकाची भाषा कोणीतरी शिकवावी लागते. ती कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत पोचली नाही, तर कुशल माणूसही फक्त भाग बदलणारा होऊन बसतो आणि त्याची किंमत आपण मोजतो. तेव्हा पुढच्या वेळी "सेन्सर गेला" असं ऐकलंत, तर एवढंच विचारा : "वायरिंग बघितलंत का?" चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही. उलट, तो बॉनेट उघडून तुम्हाला दाखवतो.