लेबल टोचतं, पंखा कुरकुरतो

आज वैद्यकाच्या इतिहासातला एक छोटा तुकडा बघायचा आहे, पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

आम्ही शिकवायला लागून फार वर्षं झाली नव्हती. तर्कशास्त्राच्या तासाला पहिल्या बाकावर एक मुलगा बसायचा. मध्येच मान झटकायचा, नाक ओढायचा. आमचं लक्ष उडायचं, म्हणून त्याला मागे बसवलं. तिथं डोक्यावर जुना पंखा. दोनदा त्यानं विनंती केली, "सर, पंखा बंद करू का? फार कुरकुरतो." एप्रिल महिना, 60 मुलं घामाघूम, आणि याला आवाज सहन होत नाही! आम्ही काहीतरी शेरा मारला, वर्ग हसला. मान झटकणं आणि पंख्याची तक्रार यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही.

आमचं सोडा, वैद्यकाच्या डोक्यात यायलाही दीडशेच्या वर वर्षं गेली.

अशा झटक्यांना वैद्यकात 'टिक' म्हणतात. आपल्या घरांत 'खोड' म्हणतात, आणि त्या शब्दातच अर्धा दोषारोप असतो. 1825 साली पॅरिसमध्ये डॉ. इतार यांनी दाँपिएर नावाच्या एका उमराव स्त्रीची हकीकत छापली. वय 26, आणि सातव्या वर्षापासून अंगाला झटके. नोंदीत आपल्याला दिसतात त्या मुख्यतः हालचाली, ओरडणं आणि भर बैठकीत तोंडून निघणारे अपशब्द. गंमत अशी, की हे इतार म्हणजे जंगलात सापडलेल्या व्हिक्टर या मुलाला शिकवणारे तेच. तो मुलगा पिस्तुलाच्या बाराला दाद देत नसे, पण अक्रोड फुटल्याचा आवाज आला की वळून बघे, हे त्यांनीच टिपून ठेवलेलं. म्हणजे इंद्रियांकडे त्यांचं लक्ष नव्हतं असं मुळीच नाही.

पुढे 1885 मध्ये, शार्को यांचे शिष्य जिल द ला टूरेट यांनी नऊ रुग्णांवर निबंध लिहिला. दाँपिएरबाई त्यात पहिल्या. त्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या, आणि टूरेट यांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. निबंधाच्या शीर्षकात तीन गोष्टी आहेत: हालचालींमधला विस्कळीतपणा, ऐकलेले शब्द पुन्हा म्हणणं, अपशब्द उच्चारणं. तिन्ही समोरच्याला दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या. रुग्णाला आतून काय वाटतं, त्याला शीर्षकात जागा नाही.

तसं कुणी सांगत नव्हतं असं नाही. 1902 साली मेज आणि फेंदेल यांनी टिकवर जो ग्रंथ लिहिला, त्याची सुरुवातच एका रुग्णाच्या आत्मकथनानं होते. तो म्हणतो, एकदा मान वळवताना आत 'कट्‌' झाल्यासारखं वाटलं. मग तीच संवेदना पुन्हा मिळावी म्हणून मी हजार प्रकारे मान वळवू लागलो, आणि ती सापडली की समाधान व्हायचं. केवढी महत्त्वाची साक्ष! हालचाल इथं संवेदनेच्या मागे धावते आहे. लेखकद्वयानं ती छापली, आणि निष्कर्ष काढला तो दुबळ्या इच्छाशक्तीचा. त्यानंतर मनोविश्लेषणवाल्यांनी आपले अर्थ लावले, 1961 पासून हॅलोपेरिडॉलचा गुण दिसू लागला, आणि चर्चा मेंदूकडे वळली. ते बरंच झालं म्हणायचं.

पण आतली बाजू ठसठशीतपणे मांडली ती 1980 साली, जोसेफ ब्लिस यांनी. ते स्वतः रुग्ण. अनेक वर्षं स्वतःचं निरीक्षण करून त्यांनी लिहिलं, की प्रत्येक झटक्याच्या आधी शरीरात एक संवेदना उठते आणि झटका म्हणजे तिला दिलेलं उत्तर. शिंकेच्या आधी नाकात जे होतं, तसं काहीसं. त्यानंतर संशोधक रुग्णांना विचारू लागले, आणि बाहेरच्या संवेदनांच्या तक्रारीही नीट ऐकल्या जाऊ लागल्या: कॉलरमागचं लेबल, मोज्याची शिवण, शेजारच्याचं चावणं, अत्तराचा वास.

2011 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 80 टक्के रुग्णांनी सांगितलं, की बाहेरच्या गोष्टी आम्हाला जास्त जाणवतात. मग स्पर्श आणि वास यांचा उंबरठा मोजला, म्हणजे किती कमी उत्तेजन कळतं ते. तो इतरांसारखाच निघाला!

इथं घाईनं कुणी म्हणेल, बघा, नखरेच होते. आम्हाला ते मान्य नाही. उंबरठा सांगतो की वस्तू कधी आत येते. आत आल्यावर ती बाहेर जाते की नाही, हे तो सांगत नाही. लायब्निट्झचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल: पाणचक्कीजवळ राहणाऱ्याला तिचा आवाज ऐकू येईनासा होतो. कान तोच, आवाज तोच; मन त्याला सोडून देतं. आमच्या समजुतीप्रमाणे, या मंडळींची चक्की थांबत नाही. सदरा घातल्यावर पाच मिनिटांत आपण लेबल विसरतो, त्यांना ते संध्याकाळपर्यंत टोचत राहतं.

त्याच अभ्यासातला आणखी एक तपशील. रुग्णांना सगळ्यात जास्त छळतात ते मोठे आवाज किंवा उग्र गोष्टी नव्हेत, तर मंद, सतत चालणाऱ्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टी. हे वाचलं त्या दिवशी आम्हाला तो पंखा आठवला. त्या मुलाला टूरेट होता की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण त्यानं जे सांगितलं ते खरं होतं, आणि पंख्याला तेल घालायला शिपायाला पाच मिनिटं लागली असती.

असो. प्रश्न असतील तर घेऊ.