कंपनी गेली, दुभाषी उरला

चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर नुसती अक्षरे. एका पांढऱ्या घराजवळ गोष्ट सुरू होते आणि पुढे काय करायचे ते खेळणाऱ्याने शब्दांत लिहायचे. हा 'झॉर्क'. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९७७ पासून टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग यांनी तो रचला. १९७९ मध्ये तिथल्याच मंडळींनी 'इन्फोकॉम' ही कंपनी काढली.

अडचण दुहेरी होती. मोठ्या संगणकावर वाढलेला झॉर्क घरगुती संगणकात मावत नव्हता. शिवाय ॲपल, अटारी, टीआरएस-८० या यंत्रांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. पहिल्या अडचणीवर उपाय म्हणून खेळाचे तीन भाग पाडले. पहिला १९८० मध्ये बाजारात आला. दुसरीवर जोएल बेरेझ आणि ब्लँक यांनी काढलेली तोड कोणाही भाषांतरकाराला पटेल अशी आहे. त्यांनी अस्तित्वातच नसलेला एक संगणक कल्पिला, 'झेड-मशीन'. खेळ फक्त त्याच्यासाठी लिहायचा आणि प्रत्येक खऱ्या संगणकाला एक छोटा दुभाषी प्रोग्राम द्यायचा. गोष्ट एकच, दुभाषी अनेक. स्टीव्ह मेरेट्झकी आणि कादंबरीकार डग्लस ॲडम्स यांनी मिळून केलेला 'हिचहायकर्स गाइड'चा खेळही १९८४ मध्ये याच वाटेने घरोघरी पोहोचला.

पण कंपनीची नजर कचेऱ्यांच्या बाजारपेठेवर होती. १९८५ मध्ये तिने 'कॉर्नरस्टोन' हा डेटाबेस आणला. तोही कल्पित यंत्रावरच चालणारा. कचेऱ्यांत मात्र तोवर आयबीएम पीसीचा जम बसला होता. जिथे सगळे एकच भाषा बोलतात तिथे दुभाष्याचे काय काम? उलट त्याच्यामुळे कामाचा वेग मंदावला. कॉर्नरस्टोन खपला नाही आणि त्यात ओतलेला पैसा बुडाला. १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजनने इन्फोकॉम विकत घेतली. १९८९ मध्ये तिचे मॅसॅच्युसेट्समधले कार्यालय बंद झाले.

नंतर हौशी मंडळींनी झेड-मशीनची रचना उलगडली. १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी 'इन्फॉर्म' ही प्रणाली तयार केली आणि त्या कल्पित यंत्रासाठी नवे खेळ लिहिले जाऊ लागले. त्या काळचे घरगुती संगणक बहुतेक भंगारात गेले. झॉर्क मात्र आज मोबाइलवरही चालतो. त्यासाठी गोष्टीतला एक शब्दही बदलावा लागला नाही, फक्त नवा दुभाषी लिहावा लागला.