माळवदावरची माती

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतील मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, घर गळतंय. आणि तेही पावसानं नव्हे, बर्फानं!" मला प्रथम हसू आले. परभणी जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाला घर गळणे म्हणजे काय हे कोणी सांगावे? पण बर्फाने गळणारे घर मी कधी ऐकले नव्हते. त्याने समजावून सांगितले तेव्हा गंमत वाटली आणि थोडा अंतर्मुखही झालो.

तिकडे उतरत्या छपरावर बर्फाचा थर साचतो. घरातली ऊब वर झिरपते, तिने तो थर खालून वितळतो आणि पाणी वळचणीकडे वाहू लागते. वळचण मात्र भिंतीच्या बाहेर असते. तिला घराची ऊब मिळत नाही. तेथे ते पाणी पुन्हा गोठते आणि त्याचा बांध तयार होतो. मागून येणारे पाणी या बांधाशी तुंबते आणि कौलांखालून उलटे घरात शिरते. यावर उपाय म्हणून कौलांखाली डांबरी चिकट पट्टा अंथरतात. तो वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत निदान २४ इंच तरी न्यावा लागतो. भाच्याला प्रश्न पडला होता तो पट्टा कोणता घ्यावा याचा. शेवटी सहज म्हणाला, "आपल्या माळवदाला आजोबा काय करायचे हो?"

त्या सहज प्रश्नाचे उत्तर मात्र सहज देता येईना. कारण माळवदाची कथा ही आमच्या मराठवाड्याचीच कथा आहे.

कोकणात पावसाच्या धारा झटकून टाकणारी उतरती कौले हवीत. आमच्याकडे वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ऊन. वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेव्हा पूर्वजांनी पावसापेक्षा उन्हाचा विचार अधिक केला आणि सपाट, जाड मातीचे छप्पर पसंत केले. सागवानी तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर निंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. खाली भर दुपारी गारवा. वर पापड-कुरडयांचे वाळवण आणि उन्हाळ्यातल्या रात्रीचा बिछाना.

या सगळ्याची गुरुकिल्ली ती पांढरी माती. शेतातली काळी माती कसदार खरी, पण छपराला निरुपयोगी. ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. पांढरीचे तसे नाही. गाव जेथे पिढ्यान्‌पिढ्या वसले, पडले आणि पुन्हा वसले, त्या जागेची ही माती. चुलीची राख, भिंतींचा गाळ, चुनखडी असे सारे तिच्यात मिसळलेले. ती फारशी तडकत नाही आणि चोपून बसवली की पाणी वरच्यावर निथळून जाते. काही गावी खारी माती वापरीत. तिच्यातल्या क्षारांमुळे ओल्या मातीचे कण सुटे होऊन बारीक छिद्रे बुजतात, असे आजचे मृदाशास्त्र सांगते. आमच्या आजोबांना शास्त्र ठाऊक नव्हते. चिमूटभर माती जिभेवर ठेवून ते ती पारखीत. पहिल्या पावसाने माळवद धुतले की वर खापरांचे आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे चमकत. कोण्या काळच्या बायकांच्या त्या बांगड्या! आम्ही इतिहासाच्या खाली झोपत होतो म्हणा ना.

देवाची गोष्ट निराळी. आमच्याच जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात, जुनी हेमाडपंती मंदिरे आहेत. त्यांचे छतही दगडाचे. माणसाने मात्र स्वतःसाठी माती पत्करली आणि तिच्याबरोबर दरसालची चाकरीही पत्करली.

ती चाकरी अशी. मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पडे. आजोबा मात्र आधी जुना वरचा थर खरवडून काढीत, उंदरांची बिळे बुजवीत, पन्हाळी मोकळी करीत, घागरभर पाणी ओतून उतार पाहत. आणि मगच नवी माती चढे. आजी म्हणे, "माती टाकायला अर्धा दिवस आणि तुमच्या खरवडण्याला दोन दिवस!" शेजारीपाजारी इतका खटाटोप करीत नसत. गळले की टाक चार पाट्या माती. पुन्हा गळले की आणखी चार. यात आळस होता असे मी म्हणणार नाही. मजूर मिळेनात, घरातली तरुण माणसे शहराकडे गेलेली, आभाळ भरून आलेले. अशा वेळी आणखी माती टाकणे हाच जवळचा उपाय.

त्या उपायाची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळली. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. परभणीकडे आम्ही अंगणात धावलो आणि बचावलो. लातूर-उस्मानाबादेकडच्या हजारो लोकांना धावायला वेळच मिळाला नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि त्यांवरची माळवदे खाली आली. तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा काही छपरांवरचा मातीचा थर दोन-दोन फुटांहून अधिक निघाला. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर दोन फूट माती म्हणजे सुमारे नऊ टन ओझे! गळू नये म्हणून वर्षानुवर्षे प्रेमाने टाकलेली माती लेकराबाळांच्या उरावर आली.

माळवदाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण लडाखातही सपाट मातीची छपरे आहेत. तेथे पाऊस अगदी थोडा आणि पडलेला बर्फ वितळण्यापूर्वी लोक फावड्याने लोटून देतात. छप्पर टिकते ते वर काय घातले यावर जितके, तितकेच वरून काय काढले यावरही.

मी भाच्याला तेच सांगितले. "पट्टा चांगला घे, पण आधी ऊब कोठून वर जाते ते शोध. माळ्यावर ऊब अडवणारा थर घाल, फटी बुजव, छपराखाली वारा खेळू दे. बर्फ वितळलाच नाही, तर बांध कशाचा होईल?" तो म्हणाला, "मामा, इथला कारागीरही हेच म्हणाला. पण त्याला खर्च जास्त आहे." मी म्हटले, "आजीही हेच म्हणायची."

आता आमच्या गावात सिमेंटचे स्लॅब आले आहेत. तेही गळतात आणि त्यांवरही दर दोन-चार वर्षांनी नवा लेप चढतो. आमचे जुने माळवद मात्र अजून उभे आहे. दिवाळीला मी त्याच्या कडेने पणत्या लावतो. आणि लावण्यापूर्वी, आजोबांची आठवण म्हणून, पन्हाळीतला पाला काढतो.