‘फिलुमेना’चे रूपांतर : कथनाचा अधिकार

नाटकाचे चित्रपटात रूपांतर होताना कथनाचा अधिकार कोणाकडे जातो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एदुआर्दो दे फिलिप्पो यांनी ‘फिलुमेना मार्तुरानो’ हे नाटक १९४६ साली आपली बहीण तितिना हिच्यासाठी लिहिले. १९५१ मध्ये त्यांनी स्वतःच त्यावर चित्रपट केला. पुढे १९६४ मध्ये व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘मात्रिमोनिओ आल्लितालिआना’ आला.

नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा मरणासन्न असल्याचे सोंग करून दोमेनिकोशी लग्न लावण्याचा फिलुमेनाचा डाव पार पडलेला असतो. पंचवीस वर्षांचा भूतकाळ प्रेक्षक पाहत नाही, ऐकतो. निरक्षर फिलुमेनाची वाणी हाच येथे पुरावा असतो. दे सिका तो भूतकाळ फ्लॅशबॅकने दृश्य करतात. पण आरंभीच्या आठवणी दोमेनिकोच्या आहेत. युद्धकाळात वेश्यागृहात झालेली पहिली भेट पुरुषाच्या स्मृतीतून दिसते. फिलुमेनाची बाजू मागाहून येते. सोफिया लॉरेन यांच्या समर्थ अभिनयानेही हा क्रम पुसला जात नाही.

मात्र तिघांपैकी दोमेनिकोचा मुलगा कोणता, हे ती दोन्ही कृतींत सांगत नाही. कायदा तिचे लग्न रद्द ठरवू शकतो, तिचे मौन मोडू शकत नाही. सारे दाखवू पाहणारा कॅमेराही तेथे थांबतो, आणि कथनाचा अधिकार पुन्हा फिलुमेनाकडे येतो.